आमची बेडकी

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एका मोटारीवरून मोठा वाद माजला. मौज अशी कीं, ती मोटार आमच्या दारांत नव्हती, गांवांत नव्हती, सबंध जिल्ह्यांतही असण्याचा संभव नव्हता. ती होती आमच्या पुतण्याच्या मोबाईलमधील एका चित्रांत. हा पुतण्या याच शाळेच्या दहावींत शिकतो. वाद करणारे दुसरे गृहस्थ म्हणजे आमचे वडील; वय वर्षें अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय पावाची भट्टी. आणि दोघांच्या मध्यें, जात्यांतील दाण्याप्रमाणें, आम्ही.

वादाचें मूळ असें. आमची भट्टी आजोबांनीं घातली. पहाटे तीन वाजतां पीठ मळावयाचें, पांचांच्या आंत लाद्या बाहेर काढावयाच्या, आणि उजाडतां उजाडतां त्या चहाच्या दुकानांत, वडापावाच्या गाड्यांवर, किराणा दुकानांत व या शाळेच्या वसतिगृहांत पोंचवावयाच्या, हा आमच्या घराचा नित्यक्रम. पोंचविण्याकरितां असलेली पांढरी व्हॅन आतां मोडकळीस आली होती. वडिलांचें म्हणणें, "नवी गाडी घेण्यापेक्षां भट्टीच बंद करावी. तुम्हां दोघां भावांना नोकऱ्या आहेत. मी किती दिवसांचा?" पुतण्याचें म्हणणें, शिक्षण संपल्यावर भट्टी आपण चालविणार, तूर्त एक लहानशी, पाठीमागें पत्र्यानें बंद असलेली व्हॅन घ्यावी, आणि तिला तोंड मात्र जुन्या काळचें बसवावें.

'जुन्या काळचें तोंड' हे शब्द ऐकतांच वडील जे उठले ते भट्टीकडे निघून गेले.

आम्हीं चित्रें पाहिलीं. पहिलें जपानांतील निस्सान कारखान्याच्या 'एस-कार्गो' या व्हॅनचें. ही १९८९ सालीं विक्रीस आली. आकार थेट गोगलगाईचा: पुढें बुटकें, उतरतें नाक, त्यावर डोळ्यांसारखे बाहेर आलेले दोन वाटोळे दिवे, आणि पाठीवर उंच कमानदार शंख. फ्रेंच भाषेंत गोगलगाईस 'एस्कार्गो' म्हणतात, आणि 'स्मॉल कार्गो' म्हणजे थोडका माल; दोहोंवर श्लेष करून हें नांव ठेविलें आहे. आंतील यंत्र मात्र त्या काळच्या साध्या चालू मोटारीचें, दीड लिटरचें. वेग दाखविणारी तबकडी मधोमध, आणि स्टिअरिंगच्या चाकास एकच आरा. फुलवाल्यानें, मिठाईवाल्यानें आपलें नांव रंगवावें म्हणून पाठीच्या दोन्ही बाजू जणु कोऱ्या पाट्याच. अशा थोड्याच गाड्या काय त्या निघाल्या.

आमचें पहिलें मत प्रतिकूल झालें, हें कबूल केलें पाहिजे. नव्या यंत्रास जुनें तोंड लावणें म्हणजे विशीच्या तरुणानें पिकलेल्या मिशा विकत आणून चिकटविण्यासारखें आहे, असें आम्ही पुतण्यास म्हणालों. तो हंसला आणि म्हणाला, "काका, ज्याच्या मिशा आहेत तो माणूस तरी आधीं पाहा." ही गोगलगाय कोणाच्या वळणावर गेली आहे याचा शोध घेतां घेतां आम्ही फ्रान्स देशांत जाऊन पोंचलों.

तेथील सित्रोएन कारखान्याचें १९३४ सालीं दिवाळें निघालें व तो मिशलँ या टायरवाल्यांच्या हातीं गेला. त्यांच्या वतीनें आलेल्या प्येर बूलांजे यांनीं आपल्या कारागिरांस एक मोटार करावयास सांगितली. तींत दोन शेतकरी बसावे, पन्नास किलो बटाटे मावावे, ताशीं साठ किलोमीटर चालावें, शंभर किलोमीटरला तीन लिटरहून अधिक पेट्रोल लागूं नये. आणि नांगरलेल्या शेतांतून अंड्यांची टोपली नेली तर एकही अंडें फुटूं नये. (योगायोग पाहा: 'बूलांजे' या शब्दाचा फ्रेंच अर्थ पाव भाजणारा असा आहे! ही गोष्ट वडिलांस सांगतांच त्यांनीं प्रथमच त्या मोबाईलकडे मान वळविली.) मध्यंतरीं महायुद्ध आलें. अखेर ही मोटार १९४८ च्या ऑक्टोबरांत पॅरिसच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली. लोक तिच्या रूपाला हंसले, आणि मग ती घेण्यासाठीं वर्षानुवर्षें वाट पाहत राहिले. तिचीच पाठ पत्र्यानें बंद करून १९५१ सालीं माल नेणारी व्हॅन निघाली. इंजिन ३७५ घनसेंटिमीटरचें, आजच्या कांहीं फटफट्यांपेक्षां अधिक नव्हे. भार २५० किलो. एवढ्यावर ती भट्टीवाल्यांपासून टपालखात्यापर्यंत सर्वांच्या उपयोगीं पडली.

तिची थोरली बहीण 'एच' ही १९४७ सालीं दाखविण्यांत आली व १९८१ पर्यंत तयार होत होती. तिचें सर्वांग पन्हळी पत्र्याचें. आमच्या बालवाचकांनीं येथें एक प्रयोग करून पाहावा. कोऱ्या कागदाचीं दोन टोकें दोन पुस्तकांवर टेकवावीं. कागद मधें लवतो. त्याच कागदास पंख्यासारख्या घड्या घालाव्या. आतां त्यावर पेन्सिल ठेवली तरी तो ताठ राहतो. युंकर्स या जर्मन विमानांच्या पत्र्यांत हीच युक्ति होती. पातळ, स्वस्त पत्रा पन्हळींनीं बळकट होतो, म्हणून 'एच'च्या अंगावर पन्हळी, शोभेकरितां नव्हे. इंजिनाची शक्ति पुढच्याच चाकांस, म्हणून मागें जाणारा दांडा नाहीं. दांडा नाहीं म्हणून तळ जमिनीलगत सपाट. आणि तळ खालीं म्हणून माणसास आंत ताठ उभें राहतां येतें. लाद्यांचे ट्रे वांकून वांकून ज्यानें उतरविले आहेत त्यालाच या शेवटच्या सोयीची किंमत कळेल. अगदीं त्या नाकाच्या बांकालाही कांहीं ना कांहीं कारण होतें.

आतां मिशांकडे वळूं. इटलींतील कासेलानी यांनीं २०१७ सालीं, 'एच'ला सत्तर वर्षें झालीं त्या निमित्तानें, सित्रोएनच्याच चालू मोठ्या व्हॅनवर जुन्या रूपाचीं फायबरचीं कवचें बसविलीं. आणि २०२२ सालीं लहान 'बर्लिंगो' व्हॅनला त्या १९५१ च्या व्हॅनचें तोंड दिलें. यांतील पन्हळी भार वाहत नाहींत. ती नुसती आठवण आहे. हें आम्ही पुतण्यास मोठ्या तोऱ्यानें ऐकविलें. तो म्हणाला, "काका, आपल्या बेडकीला लोक कशानें ओळखत? इंजिनानें?"

येथें आम्हांस थांबावें लागलें.

कारण आमच्या घरींही अशी एक गाडी होती. ती मुद्दाम जुनी केलेली नव्हे, जुनीच होती. वडिलांनीं १९८१ सालीं ती कोणाची तरी वापरलेली घेतली. कोणत्या कारखान्याची तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण पुढें आम्ही तिच्या खोड्या सांगणार आहों, आणि त्यांतील बऱ्याचशा तिच्या नसून आमच्या हयगयीच्या होत्या. फुगीर नाक, दोन टपोरे वाटोळे दिवे, हिरवा रंग. म्हणून गांवांतील मुलांनीं तिला 'बेडकी' म्हणावयास आरंभ केला. ती गल्लीच्या तोंडाशीं दिसली कीं बायका हातांत पैसे व फडकें घेऊन ओट्यावर येत. हांक मारावी लागत नसे. पुढें २००३ सालीं ती भंगारांत गेली आणि पांढरी व्हॅन आली, तेव्हां कित्येक दिवस ओट्यावर कोणी येईना. पांढऱ्या व्हॅनी गांवांत शंभर. त्यांतली पावाची कोणती, हें कोणी कसें ओळखावें? ती गल्लींतील विक्री परत आली नाहीं, ती नाहींच.

पण वडिलांची बेडकी वेगळी होती. तिचें इंजिन चालकाच्या मांडीशेजारीं एका पत्र्याच्या झांकणाखालीं असे, आणि तें असें तापे कीं त्यांच्या डाव्या पोटरीवर भाजल्याचा डाग अजून आहे. पावसाळ्यांत छत गळे; बंद गाडींतही पावावर ताडपत्री घालावी लागे. मागच्या दाराची कडी लागत नसे, म्हणून आम्ही आंत लाद्यांमध्यें बसून तें दोरीनें धरून ठेवीत असूं. थंडीच्या दिवसांत पहाटे ती सुरू होत नसे आणि वडील एकटेच तिला उतारापर्यंत ढकलीत नेत. ज्यानें ती ढकलली त्याच्यापुढें तिच्या रूपाचें कौतुक करणें हें त्यांना थट्टेसारखें वाटलें असेल, तर त्यांत नवल काय?

आणि आणखी एक गोष्ट आहे. ती आम्हीं आजवर कोणास सांगितली नाहीं. परंतु ही शाळा, हें मासिक आणि हे वाचक यांच्यापुढें ती न सांगणें बरें दिसणार नाहीं.

आम्ही सातवींत होतों. वडील वसतिगृहाचा पाव घेऊन येत, तेव्हां आम्हांसही शाळेंत सोडीत. फाटकांतून शिरतांना मुलें 'डरांव डरांव' करीत. कोणी दुष्टपणानें करीत नसत. पण आमच्या कानांच्या पाळ्या तापत. एके दिवशीं आम्हीं वडिलांस सांगितलें कीं, आम्हांला अलीकडे कडुनिंबापाशींच उतरवीत जा, फाटकाजवळ फार चिखल असतो. महिना मार्च होता. वडिलांनीं आमच्याकडे पाहिलें, कोरड्या रस्त्याकडे पाहिलें, आणि गाडी थांबविली. दुसऱ्या दिवशीं न सांगतां थांबविली. मॅट्रिक होईपर्यंत रोज थांबविली. बेडकी पुढें निघून फाटकांत शिरे, आणि ती दिसेनाशी झाल्यावर आम्ही दप्तर घेऊन, जणु कोठून दुसरीकडूनच आलों आहों अशा चालीनें, मागाहून येत असूं.

दिवाळीनंतरचा वाद आम्हीं मिटविला नाहीं. तो आपोआपच दुसऱ्या वाटेला लागला. आमच्या एका वकील मित्रांनीं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ काढून दाखविलें. नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं जुळणार नाहीं असा फेरफार मालकाला आपल्या मनानें गाडींत करतां येत नाहीं. फायबरचें नाक तेथेंच गळून पडलें. पुतण्या दोन दिवस उदास होता. पण सुटी संपेपर्यंत रोज पहाटे तीन वाजतां, कोणी न उठवितां, पीठ मळावयास हजर राहिला. शेवटच्या दिवशीं भट्टींतून लाद्या ओढतां ओढतां वडील, कोणाकडेही न पाहतां, म्हणाले, "घेणारच असाल तर सरकत्या दाराची घ्या. रस्त्यांत दार उघडावयाला जागा नसते. आणि इंजिन मांडीशीं नको."

गाडी घेतली. लहान, बंद पाठीची, सरकत्या दाराची, आणि रंग कारखान्यानें दिला तोच, पांढरा. ज्या पेंटरनीं बेडकीवर भट्टीचें नांव लिहिलें होतें ते आतां फारसें काम करीत नाहींत. त्यांच्या मुलाचें स्टिकर छापण्याचें दुकान आहे. पण वडिलांचा निरोप जातांच ते ब्रश घेऊन स्वतः आले. त्यांनीं दोन्ही बाजूंस जुन्याच वळणाचीं ठसठशीत अक्षरें काढलीं आणि नांवाच्या शेवटीं, पुतण्याच्या हट्टास्तव, टपोऱ्या डोळ्यांची एक लहानशी हिरवी बेडकी.

पहिल्या फेरीला आम्ही चालवीत होतों. वडील शेजारीं बसले होते, पुतण्या मागें लाद्यांपाशीं. बाजारपेठेच्या मागच्या गल्लींत एक वृद्ध बाई ओट्यावर उभ्या राहून पाहत होत्या, त्यांनीं हात केला, चार पाव घेतले, आणि "इतके दिवस कुठें होतां हो?" असें वडिलांना विचारलें. वडिलांनीं सुटे पैसे मोजून दिले.

पुढें शाळेचा रस्ता लागला. आतां तेथें डांबर आहे, कडुनिंब मात्र तोच. त्याच्याखालीं आलों तेव्हां आमचा पाय न कळत ब्रेकवर गेला आणि गाडी थांबली. मागून पुतण्यानें विचारलें, "काय झालें, काका?"

वडील समोर पाहत होते.

"कांहीं नाहीं," ते म्हणाले. "पुढें घे. फाटकापाशीं."