दोन केबिन, सात माणसं

सरावलीहून डहाणू रोड, मग लोकलने चर्चगेट, पुढे बॅलार्ड पिअर. गोव्याच्या क्रूझवर आम्ही सातजण निघालो. इथे भाडं खोलीचं नसतं, माणशी असतं, तेही दोघांच्या हिशेबाने. त्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्याला कमी पडतं. म्हणून चारऐवजी दोनच केबिन घेतल्या, बिनखिडकीच्या. एकीत अम्मीसह चौघी, दुसरीत अब्बांसह तिघे. बंदर शुल्क आणि जीएसटी वेगळे, ते आधीच विचारून घ्यावं. अब्बांसाठी खालचा पलंग बुकिंगच्या वेळीच मागितला, वर चढणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. खिडकी हवी कशाला? दादाजान तर डेकवर झोपून जिद्दाला गेले होते. हजची ती जहाजं 1995 मध्ये बंद झाली, अब्बांचा समुद्र राहून गेला. फजरनंतर ते कठड्याशी उभे राहिले, नाश्त्याला हाका मारल्या तरी हलेनात.