खोल गेलेला खडक

गेल्या नोव्हेंबरात धर्मशिक्षणाच्या वर्गात देहाच्या पुनरुत्थानाचा पाठ चालला होता. सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, इतकं खोल पुरलेलं वर येतं का?" पावसाळ्यातच त्याच्या वडिलांना आम्ही दफनभूमीत पोचवले होते. "देवाला सर्व शक्य आहे," म्हणून मी पान उलटले. उत्तर खोटे नव्हते, घाईचे होते. तो तास संपेपर्यंत गप्प बसला.

मी बी.ए. झालेला माणूस, दगडांतले मला काय कळणार! तरी त्या आठवड्यात लडाखमधल्या त्सो मोरिरी सरोवराजवळच्या खडकांविषयी वाचनात आले. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारताची उत्तरेकडची कड आशियाखाली ओढली गेली, नव्वद किलोमीटरांहूनही खोल. तिथल्या दाबाने गारगोटीचे कोएसाइट नावाचे अधिक घट्ट खनिज झाले. १९८४ साली आल्प्समध्ये ख्रिश्चन शोपँ यांना असेच कोएसाइट गार्नेटच्या खड्यात सापडले, तोवर भूखंडाचा खडक इतका खोल जाऊन परततो असे फारसे कुणी मानत नव्हते.

परततो कसा? विहिरीत नारळ दाबून धरा आणि सोडा. भूखंडाचा खडक भोवतालच्या प्रावरणापेक्षा हलका असतो. त्याला खाली ओढणारा जड समुद्रतळ तुटून सुटला, की तो ज्या वाटेने गेला जवळजवळ त्याच वाटेने वर सरकतो, असे अभ्यासक मानतात. वेग वर्षाला काही सेंटिमीटर, आपली नखे वाढतात तेवढा. शेवटचा टप्पा मात्र स्वतःच्या बळाचा नाही. वरचे थर बाजूला घसरतात, बाकीचे पाऊस, नद्या आणि हिमनद्या झिजवून नेतात.

वर येताना दाब उतरतो, कोएसाइटची पुन्हा गारगोटी होते आणि ती फुगते. भोवतीच्या गार्नेटला चहूबाजूंनी तडे जातात. गार्नेट घट्ट धरून राहिले, तरच आत कोएसाइटचा एखादा कण टिकतो.

पुढच्या रविवारी त्या तडकलेल्या खड्याचे चित्र घेऊन गेलो. हा पुनरुत्थानाचा पुरावा नव्हे, हे आधीच सांगितले. दगड कोट्यवधी वर्षे घेतो, आणि खाली गेलेले बरेचसे परत येतच नाही. मुलाने तड्यांवरून बोट फिरवले.

"हे वर येताना पडले?"

"हो. येतानाच."

प्रभूच्या हातांवरचे व्रण मला आठवले, पण मी बोललो नाही. मागच्या वेळी फार लवकर बोललो होतो. त्याने चित्र मागून घेतले आणि वहीत ठेवले.