कडुनिंबाखालची शर्यतीची गाडी

आमच्या आखाड्यावर कडुनिंबाखाली एक लोखंडी सांगाडा सहा वर्षे उभा होता. पावसाळ्यात त्यावर ताडपत्री असे, उन्हाळ्यात कडब्याच्या पेंढ्या. आसनाखाली कोंबड्या अंडी घालीत. गावची पोरे त्याला ‘पिंजरा’ म्हणत. नवखा माणूस आला म्हणजे हटकून विचारी, “साहेब, हे कोणतं अवजार?” शेतकऱ्यांना अवजारांची माहिती देण्यात माझी सारी नोकरी गेली, पण या प्रश्नाला उत्तर देताना मी अडखळत असे. कारण ते अवजार नव्हतेच. ती शर्यतीची मोटार होती, आणि माझ्या पुतण्याने आपल्या मित्रांबरोबर ती स्वतःच्या हातांनी बांधलेली होती.

कंधार तालुक्यात शर्यतीची मोटार कोठून आली, असे वाचकांना वाटेल. पुतण्या नांदेडला इंजिनिअरिंग शिकत होता. या विद्यार्थ्यांसाठी ‘बाहा’ नावाची एक स्पर्धा असते. मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया भागात वाळवंटातल्या मोटारशर्यती होतात, त्यावरून हे नाव पडले. अमेरिकेत १९७६ साली ही स्पर्धा सुरू झाली आणि आपल्या देशात २००७ पासून इंदूरजवळच्या पिथमपूरला भरू लागली. नियम मोठा न्याय्य आहे. पुतण्याच्या वेळी पेट्रोलच्या गाड्यांना इंजिन एकच असे, दहा अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे. त्याच्या पोटात कुणी ढवळाढवळ करायची नाही. बाकी सांगाडा, चाकांच्या भुजा, स्टिअरिंग, ब्रेक हे सारे मुलांनी स्वतः आखायचे, कापायचे, वेल्डिंग करायचे. आधी गाडीची कसून तपासणी होते. ब्रेक दाबल्यावर चारही चाके जागीच थांबली नाहीत तर पुढे जाऊ देत नाहीत. शेवटी खड्ड्या-दगडांतून सलग चार तासांची शर्यत. थोडक्यात, पैशाची नव्हे, डोक्याची आणि हाताची परीक्षा.

आमचा पुतण्या जानेवारी २०१८ मध्ये तेथे गेला. दुसऱ्या तासाला पुढच्या चाकाची भुजा वाकली. मुलांनी ती खोलून, ठोकून सरळ केली आणि गाडी पुन्हा मैदानात घातली. नंबर आला नाही. पण फोनवर बोलताना त्याचा आवाज असा होता, की जणू पोळ्याला आपलीच जोडी सर्वांत पुढे निघाली! पुढे कॉलेजने जुने सामान मोडीत काढले तेव्हा त्याने मित्रांकडून वर्गणी गोळा करून ती गाडी घेतली आणि टेम्पोत घालून गावी आणली. २०१९ च्या दिवाळीत तिने शेतात दोन फेऱ्या मारल्या. मग तो नोकरीसाठी पुण्याकडे गेला आणि गाडी कडुनिंबाखाली थांबली ती थांबलीच.

पुतण्याची नोकरी कंत्राटी होती. २०२४ साली कंत्राट संपले आणि तो घरी परतला. घरी आला खरा, पण घरात आला नाही. दिवसभर आखाड्यावर मोबाइल घेऊन बसे. जेवायला दोनदा हाक मारावी लागे. वहिनी माझ्याकडे बघत आणि मी जमिनीकडे बघत असे.

अशातच २०२५ चा पावसाळा आला. ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीने नांदेड जिल्ह्याचे काय केले, ते मी सांगायला नको. आमचेही उभे सोयाबीन पाण्यात गेले. हरभऱ्याच्या बियाण्याला पैसे जमवताना दादांची, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंची, ओढाताण चालली होती. एके दिवशी भंगारवाला आला. त्याने सांगाड्याभोवती एक चक्कर मारली, इंजिनावर थाप मारली आणि सहा हजार सांगितले.

दादा म्हणाले, “घेऊन जा.”

पुतण्या काहीच बोलला नाही. त्याचे ते न बोलणेच दादांना जास्त लागले असावे. ते म्हणाले, “सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या त्या लोहारांनी भंगारातून छोटी जीप केली. तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो मिळाली. तुझ्या पिंजऱ्यानं काय दिलं रे?”

गोष्ट खरी होती. दत्तात्रय लोहार यांची ती किक मारून सुरू होणारी जीप डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी तिचे कौतुक केले आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांना बोलेरो दिली. पण खरी गोष्टसुद्धा कुणाच्या तोंडावर मारली, की तिचा दगड होतो. पुतण्या उठून बांधाकडे निघून गेला.

मी मध्ये पडलो. म्हणालो, “दादा, मला आठ दिवस द्या. चालली तर ठेवू, नाही चालली तर मीच टेम्पोत भरून देईन.” दादांनी भंगारवाल्याला पुढच्या आठवड्यात यायला सांगितले.

आता हे बोलून बसलो खरा, पण मी यंत्राचा माणूस नव्हे. परभणीला बी.एस्सी. करताना शेती अवजारांचा विषय होता, तेवढीच माझी विद्या. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पाने घेऊन बसलो. पहिले दोन दिवस पुतण्या लांबूनच पाहत होता.

मी काय केले? नवा प्लग घातला. इंजिनाचे तेल बदलले. पेट्रोलची नळी चिरली होती, ती नवी टाकली. हवेची जाळी धुतली. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने चिखलाचे घर बांधले होते, ते काढले. ताजे पेट्रोल ओतले आणि दोरी ओढली. एकदा, दहादा, चाळीसदा. हात खांद्यातून निखळायची वेळ आली. इंजिनाने हूं की चूं केले नाही. तेव्हा कार्ब्युरेटर उघडला. तळच्या वाटीत सहा वर्षांपूर्वीचे पेट्रोल आटून तपकिरी डिंक झाला होता आणि कडेला पांढरी बुकटी धरली होती. जेट म्हणून पितळेचा एक बारीक तुकडा असतो. त्याच्या केसाएवढ्या भोकातून पेट्रोल मोजून जाते. ते भोक बुजलेले दिसले. मी वहिनींकडून गोधडीची सुई मागवली.

“काका, थांबा!” पुतण्या धावत आला. “सुई घालू नका. भोक मोठं झालं की जेट कायमचा बाद. फवारणी पंपाच्या नोझलमध्ये तार घालू नका म्हणून तुम्हीच सगळ्यांना सांगता ना?”

वाचकहो, मी गपगार झालो. शेकडो सभांतून मी ते वाक्य बोललो आहे. ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ म्हणतात ते असे! त्याने माझ्या हातातून जेट घेतला, रात्रभर साफ करण्याच्या द्रावणात भिजत ठेवला आणि सकाळी पंपाच्या हवेने मोकळा केला. उजेडाकडे धरला तेव्हा भोकातून उजेडाचा ठिपका दिसला. त्या दिवसापासून पाना त्याच्या हातात आणि मी मदतनीस.

तरी इंजिन सुरू होईना. तेव्हा त्याने मला दुसरा धडा दिला. म्हणाला, “काका, तुम्ही एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या. आता बिघाड कशात आहे हे कळणार कसं? इंजिनाला तीनच गोष्टी लागतात. योग्य मापात हवा-पेट्रोल, पिस्टनचा दाब आणि वेळेवर ठिणगी. एकेक तपासू.” प्रात्यक्षिकाच्या प्लॉटमध्ये एका वेळी एकच फरक करायचा आणि शेजारी एक पट्टा जसाच्या तसा ठेवायचा, हे मी शेतकऱ्यांना सांगतो. तेच तो मला सांगत होता.

दोरी ओढताना हाताला दाब लागत होता, म्हणजे दाब आहे. कार्ब्युरेटर साफ आहे. राहिली ठिणगी. आधी पेट्रोल दूर नेले, टाकीचे झाकण घट्ट लावले. संध्याकाळी अंधार पडल्यावर प्लग काढून, टोपणात बसवून, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून दोरी ओढली. नव्याकोऱ्या प्लगवर ठिणगीच नाही! मी म्हणालो, “वायर तुटली असेल.” तो म्हणाला, “तुटली असती तर ठिणगी आली असती.”

हे कोडे मला उलगडेना. त्याने समजावले. अशा इंजिनात बॅटरी नसते. फ्लायव्हीलवरचे लोहचुंबक कॉइलजवळून फिरते आणि वीज तयार होते. इंजिन बंद करायचे बटण ही वीज तोडत नाही. ते तिला वायरीने सांगाड्याच्या लोखंडात उतरवते. म्हणून ही वायर तुटली तर इंजिन बंद करता येणार नाही; पण ती उघडी पडून लोखंडाला टेकली तर इंजिन सुरूच होणार नाही. त्याने कॉइलजवळ ती वायर सोडवली आणि दोरी ओढली. अंधारात निळी ठिणगी चमकली!

मग वायर हाताने चाचपत गेलो. शर्यतीच्या नियमाप्रमाणे गाडीला दोन बटणे असतात. एक चालकाजवळ आणि दुसरे बाहेरून दिसेल असे, म्हणजे अपघातात कुणालाही इंजिन बंद करता यावे. बाहेरच्या बटणाकडे जाणारी वायर आसनाखाली उंदरांनी सोलली होती आणि तांबे पाइपला चिकटले होते. जेथे कोंबड्या अंडी घालीत तेथेच! काखेत कळसा आणि गावाला वळसा. चार बोटांचा वायरीचा तुकडा बदलला.

इंजिन लगेच सुरू करू असे मला वाटले. पुतण्या म्हणाला, “आधी ब्रेक.” ब्रेकच्या तेलाने ओल धरली होती आणि पिस्टन अडकले होते. नांदेडहून रबरी वायसर आणले, नवे तेल भरले, नळ्यांतली हवा काढली. त्यात दीड दिवस गेला. सुरू होणारी गाडी सोपी, थांबणारी गाडी अवघड, हे तो पिथमपूरला शिकला होता.

सातव्या दिवशी सकाळी चोक ओढून त्याने दोरीला हात घातला. तिसऱ्या ओढीला इंजिन खोकले, पांढरा धूर सोडला आणि पाचव्या ओढीला धडधडू लागले. दावणीची लाल कंधारी जोडी कान टवकारून उभी राहिली. वहिनी भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या. पुतण्याने डोक्यावर हेल्मेट घातले, कमरेचे पट्टे आवळले आणि वापसा झालेल्या मोकळ्या रानात गाडी घातली. रस्त्यावर ती न्यायची नाही, कारण अशा गाडीची नोंदणी नसते. ढेकळांतून उड्या घेत तिने दोन फेऱ्या मारल्या आणि बांधाजवळ येऊन जागच्या जागी थांबली.

दादा बांधावर उभे होते. त्यांनी गाडीच्या पाइपवरून हात फिरवला. विचारले, “तेल किती खाते?” मग विचारले, “दुसरं माणूस कुठं बसतं?”

“एकाचीच जागा असते, बाबा.”

दादा बराच वेळ गप्प राहिले. तरुणपणी ते शंकरपटातले नावाजलेले गडी होते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. त्यांची पळणारी जोडी दोन वर्षे दावणीला उभी राहिली, जड झाली आणि शेवटी त्यांनी ती बाजारात विकली. डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली; पण तोवर दादांची उमेद गेली होती. हे सारे मला ठाऊक होते, तरी आजवर मी त्याचा विचार केला नव्हता.

ते मला म्हणाले, “जोडी विकली तेव्हा मला कुणी आठ दिवस मागितले नव्हते.”

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. दादांनी त्याला उडालेले जुने पत्रे आणि मोडकी कोळपी दिली. बियाण्याचे पैसे कमी पडले ते मी घातले. सख्ख्या भावांत त्याचा हिशेब नसतो.

पुतण्याचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. त्याला बोलेरो मिळाली नाही. पण इंजिनाचा आवाज गावात ऐकू गेला होता. हरभऱ्यावर घाटे अळीची फवारणी करायची वेळ आली आणि पावसात भिजलेले पेट्रोलचे फवारणी पंप कुणाचेच सुरू होईनात. पहिला पंप घेऊन शेजारी आला, मग दुसरा. आता आखाड्याच्या पडवीत त्याने फळी टाकली आहे. मजुरी थोडी मिळते. नोकरीचे अर्जही चालू आहेत. मात्र जेवायला आता एकच हाक पुरते.

या आठ दिवसांत शिकलेल्या चार गोष्टी शेतकरी बंधू-भगिनींच्या कामाच्या आहेत. हंगाम संपला की पंपातले किंवा गवत कापायच्या यंत्रातले पेट्रोल टाकीतून काढून घ्या आणि उरलेले संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पेट्रोलमध्ये आपल्याच उसापासून केलेले इथेनॉलही असते. २०२५ पासून त्याचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेले आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढते, म्हणून साठवलेले पेट्रोल लवकर बिघडते. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून दोरी हळूच दोनदा ओढा. वायरी उंदरांपासून जपा. सुरू होत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट तपासा आणि सुई घरातच राहू द्या.

इंजिन चालून जेवढे झिजत नाही तेवढे थांबून खराब होते. आमच्या घरात ते एकट्या इंजिनाचेच झाले नव्हते. गाडी अजून कडुनिंबाखालीच असते, पण दर महिन्याला एकदा दादा स्वतः आठवण करतात, “अरे, तुझा पिंजरा जरा फिरवून आण.”