लोअर परळ, व्हाया बेडसे

वीकेंड आला की अर्धी मुंबई आमच्या मावळात! पावसाळ्यात तर विचारूच नका. लोणावळ्याला ट्रॅफिक जॅम, भुशी डॅमवर पाय ठेवायला जागा नाही. त्यातले थोडे हुशार लोक कामशेतकडे वळतात, पायऱ्या चढून आमच्या बेडशाची लेणी बघतात, फोटो काढतात आणि परत. मी बेडशाचा. म्हटलं, एकदा उलटा प्लॅन करू. त्यांच्याकडचं जुनं बांधकाम आपण बघू. म्हणजे गिरणगाव!

गाईड घरचाच होता. मावळातली माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईत डबे पोचवतायत. आमच्या काकांनीही तीसेक वर्षं तेच केलं. जुलैतल्या एका शनिवारी लोणावळ्याहून बस पकडली, दादरला उतरलो आणि थेट लालबाग गाठलं.

लालबागला आपल्याआधी आपलं नाक पोचतं. मिरच्या-मसाल्यांचा तो ठसका! शिवाय चिवडा गल्ली. गणपतीत इथे सगळेच येतात, पण साध्या शनिवारी या राव. चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे आणि मागे काचेचा टॉवर, एकाच फ्रेममध्ये मिळतात. काकांना फ्रेममध्ये इंटरेस्ट नव्हता. ते खानावळी दाखवत होते, म्हणजे पूर्वी कुठे होत्या ते. गावाहून एकटे आलेले कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे, पाळीनुसार आळीपाळीने झोपायचे. जेवण शेजारच्या एखाद्या बाईकडे, महिन्याच्या हिशोबावर. कामगाराचा पगार थांबला की ती बाई सावकाराच्या दारात. अशाच बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. गिरण्यांचा इतिहास सांगताना भोंगा आणि चिमणी सगळ्यांना आठवते, ही चूल कुणाला आठवत नाही.

पुढचं तुम्हाला थोडंफार माहीत असेल. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही! गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या. "डबे कमी झाले, तेव्हा आम्हाला कळलं," काका एवढंच म्हणाले.

करी रोडवरून ना. म. जोशी मार्गाला लागलो. तुमच्यापैकी कित्येकांच्या व्हिजिटिंग कार्डवर हा पत्ता असेल. हे जोशी कामगार पुढारी, १९२० साली आयटक स्थापन करणाऱ्यांपैकी एक. आणि ऑफिसच्या पत्त्यात पुढे 'अमुक मिल कंपाउंड'. आत सूत नाही, साचा नाही, एसी आहे. फिनिक्सच्या आवारात चिमणी ठेवलीय, तिच्या आसपास सेल्फी चालू असतात.

आमच्या लेण्यात एका खोलीच्या दारावर ब्राह्मीत कोरलंय की नाशिकच्या एका शेठजीच्या मुलाने हे दान दिलं. दोन हजार वर्षं ते नाव टिकलं. छिन्नी चालवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. इथेही मालकांची नावं मॉलवर आणि टॉवरवर आहेत. फरक एवढाच, की इथले कारागीर अजून आहेत आणि त्यांना घर हवंय. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: पालिकेला, म्हाडाला आणि मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, बांधकामाखालची वगळून! साहजिकच सार्वजनिक वाटे आक्रसले. कामगारांच्या घरांची मोठी सोडत निघाली ती २०१२ साली. अर्ज दीड लाखाच्या वर, घरं काही हजार. पुढे त्यातल्या काहींना घर लागलं ते पनवेलजवळच्या कोनला. सकाळी आमची बस तिथूनच आली होती. काका हसले. म्हणाले, "म्हणजे आमच्याच वाटेवर आणून सोडलं की!"

एका कंपाउंडच्या गेटपाशी ते थांबले. पूर्वी इथे कामगार स्वतः डबा घ्यायला यायचा, शेवटी शेवटी सिक्युरिटीवाला. तेवढ्यात टोपीवाला एक डबेवाला सायकल ढकलत आला. पवनानगरकडचा निघाला. मी समोर कॉफीच्या रांगेत उभा राहिलो. कॉफी हातात येईपर्यंत दोघांचं धरण किती भरलं हे बोलून झालं होतं, आणि आता भातलावणीला माणसं मिळत नाहीत यावर गाडी आली होती.