चिठ्ठी कोणी वाचली?

आपल्या हातून चूक घडली, म्हणजे ती प्रथम दुसऱ्याच्या घरीं शोधावयाची, ही मनुष्यस्वभावाची खोड मला चांगलीच परिचयाची आहे.

२००३ सालीं मी पुण्यांत एका कचेरींत संगणकाच्या आज्ञावल्या लिहीत असें. एका खात्यांतली रक्कम दुसऱ्या खात्यांत वळती करण्याचें काम आम्ही सिद्ध केलें होतें. ‘एंटरप्राइझ जाव्हाबीन्स’ नांवाच्या त्या पद्धतींत प्रत्यक्ष काम करणारे घटक जाव्हा भाषेंत लिहावयाचे. पण त्यांनीं व्यवहार कसा पाळावा, कोणास आंत येऊं द्यावें, हें एक्सएमएलच्या निराळ्या चिठ्ठींत नमूद करावयाचें. हेतु चांगला होता. उद्यां नियम बदलला, तर चिठ्ठी बदलावी. मूळ लिखाणास हात लावूं नये.

चाचणीच्या दिवशीं जमा करणारा भाग आम्ही मुद्दाम बंद पाडला. सगळाच व्यवहार मागें फिरावयास हवा होता; परंतु पहिल्या खात्यांतले पांचशें रुपये गेले ते गेलेच! मीं सर्वांदेखत हाताखालच्या मुलाला बोल लावला. बिचाऱ्यानें दोन रात्री जागून आपली ओळ न् ओळ तपासली.

तिसऱ्या रात्रीं जेवतांना मीं ही हकीकत घरीं सांगितली. मामंजींचा जन्म हिशेबांत गेलेला. त्यांनीं शांतपणें विचारलें, “सूनबाई, आणि ती चिठ्ठी कोणी वाचली?”

घास घशांतच अडकला. चिठ्ठी माझ्याच हातची होती. सकाळीं उघडून पाहतें, तों रक्कम वजा करणाऱ्या कामापुढें ‘रिक्वायर्ड’च्या जागीं ‘रिक्वायर्स न्यू’! पहिल्याचा अर्थ, चालू व्यवहारांत सामील हो. दुसऱ्याचा, आपला स्वतंत्र व्यवहार मांड. वजाबाई वेगळी चूल मांडून मोकळ्या झाल्या होत्या. मागें फिरणार कोण?

मीं त्या मुलाची क्षमा मागितली, तीहि सर्वांदेखतच.

२००६ सालच्या तिसऱ्या आवृत्तीनें असे नियम जाव्हाच्या लिखाणांतच, कामाशेजारीं लिहिण्याची सोय केली. तरी चिठ्ठी उरलीच. आणि दोहोंत मतभेद झाला, तर शब्द चिठ्ठीचाच चालतो. आपल्या घरांतूनहि असेंच नाहीं का? माणसें राबतात, त्यांनीं एकमेकांशीं कसें बांधलेलें असावें, हें कोणी तरी केव्हांच ठरवून ठेवलेलें असतें. बोल लावण्यापूर्वीं तें एकदां वाचावें. आणि अक्षर आपलेंच नाहीं ना, हेंहि पाहावें.