सुटणारा बोल्ट, तुटणारा बोल्ट

बोल्ट सुटणार की तुटणार, हे मनगटाला आधी कळतं. गंजलेला बोल्ट सुटायला लागला की 'कट्' असा कोरडा आवाज येतो, हाताला बारीक झटका बसतो आणि लगेच पुन्हा घट्ट लागतं. हा आवाज ऐकला की माझा जीव भांड्यात पडतो. याउलट पाना आवाज न करता फिरतोय, जोर वाढवावा तसा मऊ लागतोय, म्हणजे आटे जागचे हललेलेच नाहीत. बोल्टची मान पिळली जातेय. तिथे थांबायचं. आणखी जरा रेटा दिला की डोकं गोटी पान्यात येतं आणि धड आतच राहतं.

म्हणून गॅरेजमधल्या पोरांना मी पान्याला पाइप लावू देत नाही. पाइपाने जोर मिळतो, पण तो मऊपणा हातापर्यंत पोहोचत नाही. त्यापेक्षा बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे चार सरळ टोले द्यावेत, म्हणजे गंजाची पकड आतून हलते. मग आधी किंचित आवळायचा. गंज कुठल्याही दिशेने मोडला तरी मोडतोच. पाव फेरा सुटला की त्यातला अर्धा परत आत, थोडं डिझेल, पुन्हा बाहेर. सलग ओढत गेलं तर गंजाची भुकटी आट्यांत दाटून बोल्ट अर्ध्यावर जाम होतो. आणि पाना लावण्याआधी आटे उलटे तर नाहीत ना, हे पाहायचं. सायकलचं डावं पेडल आणि यामाहाचा उजवा आरसा सोडवायला जाऊन भलतेच आवळणारे मी बरेच पाहिलेत.

आमच्या रत्नागिरीत गंजाला निमित्त लागत नाही. मिरकरवाडा बंदरातून मासे घेऊन निघालेल्या गाडीच्या क्रेटमधून बर्फाचं खारं पाणी वाटभर ठिबकत असतं. ते चेनवर पडतं, ॲक्सलच्या नटावर पडतं, सायलेन्सरच्या बुडाशी साचतं. लोखंड गंजलं की फुगतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, आणि आट्यांतली फट असते जेमतेम केसाएवढी. त्याहून वाईट अवस्था इंजिनच्या हेडमधल्या स्टडची. स्टड पोलादाचा, हेड ॲल्युमिनियमचं, मध्ये खारं पाणी. दोन धातूंची बॅटरीच होते ती, आणि त्यात झिजतं ॲल्युमिनियम. आट्यांच्या तोंडाशी पांढरी भुकटी दिसली की मी डिझेलवर फार भिस्त ठेवत नाही. रात्रभर भिजवतो जरूर, पण सकाळी हातात गॅस टॉर्चच घेतो. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे आच स्टडला नाही, भोवतालच्या हेडला द्यायची. मात्र ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि त्याआधी लोखंडासारखं लाल होऊन बजावत नाही. ज्योत एका जागी धरायची नाही, फिरवत ठेवायची. पेट्रोलची टाकी त्याआधीच उतरवून दूर ठेवलेली असते, हे वेगळं सांगायला नको. हेड गरम असतानाच आट्यांच्या तोंडाला मेणबत्ती टेकवली की मेण पातळ होऊन आत ओढलं जातं. हा उपाय जुना आहे आणि तो चालतो.

गंजावर माझा राग नाही. तो हवेचा आणि पाण्याचा धर्म. राग येतो तो डोकं गोल केलेला ऑइलचा ड्रेन प्लग पाहून. स्प्लेंडरच्या ड्रेन बोल्टला १७ चा पाना लागतो. कोणी घाईत स्क्रू पाना लावतो, कोणी झिजलेली बारा कोनी रिंग. डोक्याच्या कडा एकदा दबल्या की पुढचा प्रत्येक पाना त्यांना आणखी घासतो. प्लग इतका घट्ट का असतो, तर वॉशर न बदलता बसवलेला असतो. थेंब गळतो, म्हणून पुढचा माणूस आणखी आवळतो, त्याच्या पुढचा आणखी. अशा प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे २५ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १० ते १२ किलोचा जोर. त्यावर पाय देऊन उभं राहणाऱ्याला इंजिनचं खोकं ॲल्युमिनियमचं आहे, याची जाणीवच नसते.

असा प्लग आला की आधी डोकं वायर ब्रशने साफ करून सहा कोनी गोटी लावून पाहतो. ती कोपऱ्यांवर नाही, सपाट बाजूंवर जोर देते. तीही घसरली तर एक माप लहान गोटी हातोडीने ठोकून बसवतो. तेही जमलं नाही तर धारदार छिन्नी डोक्याच्या कडेला तिरकी लावून सुटण्याच्या दिशेने टोले देतो. उलट्या आट्यांच्या एक्स्ट्रॅक्टरवर माझा विश्वास कमी. तो कडक पोलादाचा असतो. सहा मिलिमीटरच्या तुटक्या स्टडमध्ये तो मोडला, तर साधं ड्रिल त्याच्यावर नुसतं घसरतं आणि काम लेथवाल्याकडे जातं.

त्याऐवजी मी नट वेल्ड करतो. बॅटरी सोडवायची. तुटलेलं टोक जरा वर असेल तर त्यावर एक वॉशर, वॉशरवर मोठा नट, आणि नटाच्या पोटातून स्टडच्या माथ्यावर वेल्ड भरत वर यायचं. इथे वेल्डच्या पकडीइतकंच काम आच करते. स्टड लालभडक होतो, फुगायला बाजूला जागा नसते म्हणून आतल्या आत दबतो, आणि निवताना आक्रसून गंजापासून सुटा होतो. लाली गेली की पाना लावायचा, नट गार होण्याची वाट पाहायची नाही. इकडे इवलासा, तिकडे इवलासा. मग तो 'कट्' येतो. पहिल्यांदा वेल्ड तुटला तरी वैतागायचं नाही; दुसरा नट लावायचा. दुसऱ्या तापण्यात पुष्कळदा काम होतं.

प्लग निघाला की बोट आत घालून आटे चाचपतो. चकाकणारी ॲल्युमिनियमची तार प्लगला गुंडाळून आली असेल, तर आटेच बाहेर आलेत. तिथे हेलीकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवावी लागते आणि गिऱ्हाइकाला तो खर्च त्याच वेळी सांगावा लागतो. आटे शाबूत असतील तर नवा प्लग, नवा वॉशर. सुरुवातीचे फेरे नुसत्या बोटांनी देतो, कारण तिरका शिरलेला आटा बोटांना लगेच अडतो, पान्याला अडत नाही. शेवटी टॉर्क पाना. तो 'क्लिक' झाला की गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "दादा, अजून जरा आवळा की." मी आवळत नाही. ऑइल भरून गाडी सुरू करतो, पाच मिनिटं चालू ठेवतो आणि त्याला खाली वाकून प्लगवरून बोट फिरवायला सांगतो.