पोरकीं पिलें आणि आपला नेम

श्रीवैष्णव संप्रदायांत शरणागतीचे दोन न्याय प्रसिद्ध आहेत. वानराचें पोर आपण होऊन आईच्या पोटास बिलगतें, हा मर्कटकिशोरन्याय. मांजरीचें पिलूं स्वतः कांहींच करीत नाहीं, आईच त्यास तोंडांत धरून सुरक्षित जागीं नेते, हा मार्जारकिशोरन्याय. वडगलै पंथीयांस पहिला दृष्टान्त प्रिय, तेंगलै पंथीयांस दुसरा. परंतु ज्या पिलास उचलावयास आईच उरली नाहीं, त्याची वाट काय? हा प्रश्न त्या दृष्टान्ताच्या कक्षेबाहेरचा आहे. गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडीं तो आमच्या दारीं येऊन उभा राहिला.

चिखले हें आमचें गांव डहाणूहून घोलवड-बोर्डीकडे जाणाऱ्या समुद्रकांठच्या रस्त्यावर आहे. एकीकडे सुरूचें बन व वाळू, दुसरीकडे चिकूच्या वाड्या. त्या रस्त्यावर एक भटकी मांजरी रात्रीं वाहनाखालीं सांपडली, आणि तिचीं चार पिलें आमच्या मागील दारच्या लाकडांच्या खोपींत ओरडूं लागलीं. डोळे उघडलेले, दुधाचे दांत हिरडींतून नुकते डोकावणारे. म्हणजे वय सुमारें तीन आठवडे. आमच्या मातोश्रींनीं लागलीच बशींत दूधभात कालविला. पिलांनीं तो हुंगला आणि तोंडें फिरविलीं. "एवढेसे जीव, आणि नखरे पहा कसे संस्थानिकाचे!" असें म्हणून मातोश्री हंसल्या. आम्हांसहि हंसूं आलें. परंतु संध्याकाळीं पिलांचीं अंगें गार पडूं लागलीं तेव्हां हंसणें थांबलें.

पशुवैद्यांनीं पहिली गोष्ट सांगितली ती अन्नाची नव्हे, उबेची. इतक्या लहान पिलास अंगाची ऊब नीट राखतां येत नाहीं, आणि गारठलेल्या पिलाच्या पोटांत गेलेलें दूध पचत नाहीं. म्हणून आधीं ऊब, मग आहार. गरम पाण्याची पिशवी जुन्या लुगड्यांत गुंडाळून टोपलींत ठेविली. दूध पाजतांना पिलूं तान्ह्या मुलासारखें उताणें धरावयाचें नाहीं. तें पालथेंच असावें, नाहीं तर दूध श्वासनलिकेंत जाण्याचें भय. दर चार तासांनीं, रात्रींहि, थेंब थेंब पाजावयाचें. आणि आई जिभेनें चाटून जें करविते, तें कोमट ओल्या कापसानें पुसून करवावयाचें, म्हणजे मलमूत्र सुटतें. गाईचें दूध मात्र वर्ज्य. मांजरीच्या दुधांत प्रथिनें गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट असतात, आणि गाईच्या दुधांतील शर्करा न सोसून पुष्कळ पिलांस हगवण लागते. मांजरीच्या पिलांसाठीं मुद्दाम तयार केलेली दुधाची भुकटी मिळते, तीच कोमट पाण्यांत कालवून द्यावी.

खरी कसोटी पुढेंच होती. चार आठवडे भरल्यावर मऊ अन्न सुरू करावयाचें, तों पिलें बशीस तोंडहि लावीनात. माणसाचा घांस जिभेच्या हुकमतींत असतो, मांजराचा नाकाच्या. गोडी तर मांजरास कळतच नाहीं. गोड चव ओळखण्यास लागणारा एक जनुक त्याच्या कुळांत निकामी झालेला आहे, हें २००५ सालीं फिलाडेल्फिया येथील संशोधकांनीं दाखविलें. आमच्या वाडींतील चिकूची त्यास काय मातब्बरी! उलट टॉरीन नांवाचें एक द्रव्य मांजराच्या शरीरास स्वतः पुरेसें बनवितां येत नाहीं. तें मांसमत्स्यांतून मिळावें लागतें. त्याच्या अभावीं डोळ्याचा पडदा झिजतो हें १९७५ सालीं, आणि हृदय दुबळें होतें हें १९८७ सालीं उघडकीस आलें. भातांत तें नाहीं, गाईच्या दुधांत नाममात्र. म्हणजे पिढ्यान् पिढ्या ज्या दूधभातावर आपण पुण्य जोडलें, त्यावर मांजर जगलें तें गुपचूप पकडलेल्या उंदीर-पालींच्या बळावर!

आमच्या घरीं मासळी उंबऱ्याच्या आंत येत नाहीं. मांजर मारलें तर काशीस सोन्याचें मांजर वाहावें लागतें, असें आपण म्हणतों. परंतु आपल्या सोवळ्यापायीं तें अर्धपोटीं राहून आंधळें झालें, तर तें पाप कोणाच्या खातीं? हा प्रश्न आम्हीं मातोश्रींपुढें भीतभीतच ठेविला. दोन दिवस त्या कांहीं बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं सकाळीं मासळीची टोपली घेऊन जाणाऱ्या मांगेली बाईंस त्यांनींच हांक मारली. "आपला नेम आपल्या जिभेचा. तो दुसऱ्याच्या पोटावर कां लादावा?" एवढेंच त्या म्हणाल्या, आणि परसांत तीन विटांची वेगळी चूल मांडून एक जुनें पातेलें कायमचें तिकडे देऊन टाकलें.

बिनमिठाची उकडलेली मासळी, कांटा न् कांटा काढून, कुस्करून पिलांच्या तयार खाद्यांत मिसळावी. केवळ मासळीवर पिलूं पोसत नाहीं. तिचा उपयोग वासानें भूक जागविण्यापुरता. अन्न अंगाइतकें कोमट असावें, म्हणजे वास मोकळा होतो. इतकें करूनहि पिलें संशयानेंच पाहात. याचें कारण अमेरिकेंतील १९७८ सालच्या एका प्रयोगांत सांपडतें. केळें खावयास शिकविलेल्या मांजरींचीं पिलेंहि आईच्या शेजारीं बसून केळें खाऊं लागलीं! अन्न कोणतें हें पिलूं आईच्या तोंडाकडे पाहून शिकतें. पोरक्या पिलास ही साक्ष देणारें कोणी नसतें. त्याच्या नकारास आपण नखरा म्हणतों; वस्तुतः तें अनोळखीपण असतें.

मग मातोश्री परसांत बसून करंगळीवर कणभर अन्न घेऊन पिलांच्या ओठांस लावीत, आणि तीं तें चाटीत. ओळखीच्या दुधांत पहिल्या दिवशीं चिमूटभर, दुसऱ्या दिवशीं थोडें अधिक, असें करतां करतां आठ दिवसांनीं बशींत दुधापेक्षां अन्न जास्त झालें. तिघांचें वजन रोज दहा-पंधरा ग्रॅमनीं वाढूं लागलें.

चौथें वांचलें नाहीं. त्यास सर्दी झाली, नाक चोंदलें, आणि ज्या मांजरास वास येत नाहीं तें अन्नास शिवत नाहीं. औषधोपचार झाले, तरी एका पहाटे तें मातोश्रींच्या मांडीवर, पदराखालीं गेलें. त्यांनीं स्नान केलें, तुळशीस पाणी घातलें, आणि कांहीं न बोलतां परसांतील चूल पेटविली. उरलेल्या तिघांची वेळ झाली होती.

ज्यांच्या घरीं असे पाहुणे येतील त्यांनीं दोन गोष्टी ध्यानीं ठेवाव्या. पिलानें दिवसभर अन्न नाकारलें तर हट्ट मोडावा म्हणून त्यास उपाशी ठेवूं नये; त्याची ऊब व नाक पाहावें आणि पशुवैद्याकडे न्यावें. आणि आपला नेम परसांतहि मासळी येऊं देत नसेल, तर मांजरास शाकाहारी करूं पाहण्यापेक्षां, जेथें मासळी शिजते अशा घरीं तें पिलूं प्रेमानें द्यावें. त्यांतहि दया कमी नाहीं.